अर्थ नसलेलं चिन्ह

साठच्या दशकात अमेरिकेतल्या प्रयोगशाळांमध्ये रोगजंतूंच्या धोक्यासाठी एक ठरलेली खूण नव्हती. लष्कराच्या प्रयोगशाळा उलटा निळा त्रिकोण लावत, नौदलाच्या गुलाबी आयत. हा गोंधळ मिटवण्यासाठी १९६६ मध्ये डाऊ केमिकल कंपनीच्या चार्ल्स बाल्डविन यांनी सहकाऱ्यांसह नवं चिन्ह शोधायला घेतलं. त्यांची अट मोठी मजेशीर होती: चिन्ह डोक्यात पक्कं बसावं, पण पाहणाऱ्याला त्यातून काहीच अर्थ लागू नये. अर्थ आधीपासून चिकटलेला नसला, की हवा तो शिकवता येतो.

चिन्हांचे नमुने लोकांना दाखवून अर्थ विचारला गेला. आठवड्याने तेच नमुने इतर अनेक चिन्हांमध्ये मिसळून, आधी कोणती पाहिली होती ते ओळखायला सांगितलं. सर्वांत जास्त लक्षात राहिलेलं आणि सर्वांत कमी अर्थ लागलेलं चिन्ह एकच निघालं. इस्पितळातल्या कचऱ्याच्या पिशव्यांवर दिसतं तेच, तीन अर्धवट कड्यांचं. तीन बाजूंनी सारखं असल्यामुळे डबा आडवा पडला तरी ते ओळखू येतं.

किरणोत्साराचा धोका दाखवणाऱ्या चिन्हातली तीन पाती त्याहून जुनी. १९४६ मध्ये बर्कलीच्या प्रयोगशाळेत ती प्रथम काढली गेली, तीही निळ्यावर किरमिजी रंगात! पिवळी पार्श्वभूमी नंतर आली.

पण अर्थ शिकवावा लागतो, ही या चिन्हांची लंगडी बाजू. ज्याला कुणी शिकवलंच नाही, त्याला ती पाती पंख्यासारखीही वाटू शकतात. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात बंद पडलेल्या दवाखान्यातलं उपचारयंत्र भंगार म्हणून फोडलं गेलं. आतली सीझियम या किरणोत्सारी पदार्थाची निळसर चमकणारी भुकटी लोकांनी कौतुकाने घरोघरी नेली. चौघांचा जीव गेला.

कवटी सगळ्यांना कळते म्हणावं, तर तिथेही घोळ. लहान मुलांना ती चाच्यांच्या गोष्टीतली वाटते, म्हणून १९७१ मध्ये पिट्सबर्गच्या बालरुग्णालयाने विषाच्या बाटल्यांसाठी जीभ बाहेर काढलेला हिरवा, आंबट चेहरा काढला.

अखेर २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने वेगळंच चिन्ह आणलं. लाल त्रिकोण, वरून येणाऱ्या किरणांच्या लाटा, कवटी आणि पळणारा माणूस. अकरा देशांतल्या लोकांना दाखवून ते पारखलं होतं. सुबक मुळीच नाही, पण निरक्षर माणसालाही 'पळ' एवढं कळावं, हा हेतू. ते दारावर लावायचं नसतं. यंत्राच्या आत, किरणोत्सारी स्रोताजवळ बसवतात. झाकण उघडू पाहणाऱ्यालाच ते दिसतं.