एंडर आयचा कोन: कल वेगळा, विखुरणं वेगळं

माइनक्राफ्ट या गेममध्ये एंडर आय, म्हणजे स्ट्राँगहोल्ड नावाच्या जमिनीखालच्या किल्ल्याची दिशा दाखवणारा डोळा, फेकायचा, तो हवेत थांबला की क्रॉसहेअर (स्क्रीनच्या मधोमध असलेली नेमाची खूण) त्याच्या बरोबर मध्यावर धरायचा आणि एफ३ व सी एकत्र दाबायचं. आपली जागा आणि आपण बघतोय तो कोन कॉपी होतात, गेमबाहेरचा कॅल्क्युलेटर ते वाचून स्ट्राँगहोल्ड कुठे आहे ते सांगतो. उत्तर हुकलं, की आमच्या नाशिकच्या ग्रुपमधली पोरं लगेच कोन ०.०१ अंशाने मागेपुढे करायला लागतात. पण त्याआधी चूक कुठल्या जातीची आहे ते बघायलाच हवं.

प्रत्येक वेळी एकाच बाजूला, जवळपास तेवढंच चुकत असेल तर तो कल. कधी डावीकडे, कधी उजवीकडे जात असेल तर ते विखुरणं. ओळखायचं कसं? सरावाच्या वर्ल्डमध्ये लोकेट कमांडने खरी जागा काढा, खरा कोन मांडा आणि आपल्या मोजणीतून तो वजा करा. +०.०४, +०.०५, +०.०३ आलं तर कल. +०.०५, −०.०४, +०.०१ आलं तर विखुरणं.

०.१ अंश ऐकायला क्षुल्लक वाटतो. नाशिकहून त्र्यंबकेश्वराइतकं, म्हणजे साधारण २८ किलोमीटर, सरळ रेषेत गेलात तर एवढ्याशा चुकीने जवळजवळ ५० मीटर बाजूला पोचाल. गेममध्ये २००० ब्लॉकवर हेच अंतर साडेतीन ब्लॉक होतं.

खरी गंमत दोन फेकींत आहे. समजा, स्ट्राँगहोल्ड तेवढ्याच २००० ब्लॉकवर आहे आणि पहिल्या जागेपासून ५० ब्लॉक आडवं सरकून दुसरा आय फेकला. दोन्ही रेषा स्ट्राँगहोल्डपाशी जेमतेम १.४ अंशात छेदतात. कल असेल तर दोन्ही रेषा सारख्याच वळतात, मधला कोन तसाच राहतो आणि उत्तर फक्त साडेतीन ब्लॉक बाजूला सरकतं. विखुरणं असेल आणि एकच रेषा ०.१ने हलली, तर अंतरच सुमारे १४० ब्लॉकने चुकतं! म्हणून मला विखुरण्याची काळजी जास्त वाटते.

कलाला ठरावीक दुरुस्ती पुरते: नेहमी ०.०४ जास्त येत असेल तर तेवढं वजा करा. विखुरण्याला हे औषध लागूच पडत नाही. एक मोजणी सुधारली तर दुसरी बिघडते. तिथे एफओव्ही (स्क्रीनवर दिसणाऱ्या दृश्याची रुंदी) ३० करून आय मोठा दिसू द्या, माउसची सेन्सिटिव्हिटी उतरवा आणि कॅल्क्युलेटरमध्ये स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे विखुरण्याचं माप, आपल्या हाताप्रमाणे खरं भरा. शिवाय जास्त आडवं चाला. ५०ऐवजी २०० ब्लॉक सरकलात, की १४०ची चूक ३५वर येते.