शिंपल्यांतील ऑक्सिजन व प्राचीन समुद्राचे तापमान

जीवाश्म कवचातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचे) प्रमाण मोजून, ते कवच घडले त्या काळच्या समुद्राचे तापमान काढण्याची पद्धत. इंदूरकरांना तिचे साहित्य पाहायला लांब जावे लागत नाही. धार जिल्ह्यातील बाघला माणसे लेणी बघायला जातात. ती ज्या निमाड वालुकाश्मात कोरली आहेत त्याच्या वरच्या चुनखडकात कालवे (एक प्रकारचे शिंपले), अमोनाइट हे गुंडाळलेल्या कवचाचे नामशेष सागरी प्राणी आणि समुद्र अर्चिन सापडतात. क्रिटेशस कल्पात, सुमारे ९ ते १० कोटी वर्षांपूर्वी, पश्चिमेकडून समुद्राचा एक चिंचोळा फाटा नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता, त्याचा हा गाळ. पुढे ६.६ कोटी वर्षांच्या सुमारास दख्खनचा लाव्हा त्यावर पसरला. माळव्याची काळी माती त्याच लाव्ह्याची.

पद्धतीचा पाया अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड युरी यांनी १९४७ मध्ये घातला. पाणी थंड असेल तर कवचात ऑक्सिजन-१८ हा जड समस्थानिक किंचित जास्त जातो, गरम असेल तर कमी. हजारात एका भागाचा फरक म्हणजे साधारण ४ ते ४.५ अंश सेल्सिअस. १९५१ मध्ये युरी आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचा जुरासिक बेलेम्नाइट (माकुळासारख्या नामशेष प्राण्याचा जीवाश्म) थरागणिक तपासला आणि त्यात एका प्राण्याचे उन्हाळे-हिवाळे ओळीने सापडले.

कालवाचे कवच बिजागरीपाशी जाड असते आणि तिथे वाढीच्या रेघा दाटीने दिसतात. कवच उभे कापून, घासून, दंतवैद्याकडच्यासारख्या बारीक ड्रिलने रेघेरेघेवरून चिमटीतही न येणारी भुकटी काढतात. तिच्यावर फॉस्फोरिक आम्ल सोडले की कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यातले हलके-जड समस्थानिक मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रात मोजले जातात. अमोनाइट दिसायला कितीही देखणा असो, त्याचे कवच अ‍ॅरागोनाइटचे असते. कॅल्शियम कार्बोनेटचे हे कमी टिकणारे रूप सहसा विरघळते किंवा त्याच पदार्थाच्या कॅल्साइट या रूपात बदलते आणि मागे नुसता साचा उरतो. या कामाला ओबडधोबड कालवच बरे, कारण त्याचे कॅल्साइट टिकाऊ.

बाघसारख्या ठिकाणी खरी गोम वेगळीच आहे. नद्यांचे गोडे पाणी ऑक्सिजन-१८ ला गरीब असते; चिंचोळ्या फाट्यात ते मिसळले की समुद्र होता त्यापेक्षा गरम भासतो. गाळ उघडा पडल्यावर पावसाचे पाणी मुरून कवचाचे पुन्हा स्फटिकीकरण झाले, तरी तेच. लाव्ह्याने तापलेल्या भूजलातही बहुधा तेच. तिन्ही चुका एकाच दिशेला, उष्णतेकडे, झुकतात. एक दुसरीला खोडून काढील ही आशा नको. क्रिटेशस मध्यात जग उष्ण होते हे इतर पुराव्यांनी माहीत असल्याने असा आकडा खपूनही जातो, आणि तिथेच फसगत होते.

म्हणून तापमानाआधी कवचाची जातकुळी तपासतात. इलेक्ट्रॉनांच्या झोतात बदललेले कॅल्साइट, त्यात मॅंगनीज शिरल्यामुळे, बहुधा नारिंगी चमकते. मूळचे काळपट राहते. चमकणारा भाग सरळ वगळावा. गोड्या पाण्याचा प्रश्न मात्र यानेही सुटत नाही, कारण ते पाणी जिवंत कवचातच उतरलेले असते. त्यावर गेल्या दोन दशकांत आलेली उपाययोजना म्हणजे एकाच कार्बोनेट गटात जड कार्बन व जड ऑक्सिजन जोडीने किती बसले ते मोजणे. ही जोडी तापमानावर ठरते, म्हणून त्यासाठी पाण्यातील ऑक्सिजन-१८ चे मूळ प्रमाण ठाऊक असावे लागत नाही. पण दीर्घकाळ १०० अंशांपलीकडे तापलेल्या कॅल्साइटमध्ये ही जोडणी बिघडते. तेव्हा लाव्ह्याच्या थराला खेटून मिळालेली कालवे या मोजणीला न घेतलेलीच बरी.