ठाकूरचा सूड आणि कापलेली रिळं

‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी लागला, तेव्हा आणीबाणीला दोन महिनेही झाले नव्हते. रमेश सिप्पींनी चित्रित केलेल्या मूळ शेवटात ठाकूर गब्बरचा जीव घेतो. सेन्सॉरला ते चाललं नाही. पोलीस खात्यात काम केलेला माणूसच कायदा हातात घेतो, हे त्या दिवसांत पास होणं कठीणच होतं. (दोन्ही हात तुटलेल्या माणसावर हा आरोप, यातला विनोद कुणाला जाणवला नसावा.) शेवट पुन्हा चित्रित झाला. ऐन वेळी पोलीस आले आणि गब्बर कायद्याच्या ताब्यात गेला.

पन्नास वर्षांनी, २०२५ मध्ये, हा चित्रपट मूळ शेवटासह दुरुस्त होऊन आधी इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात आणि डिसेंबरात भारतातल्या थिएटरांत आला. कर्नाटकातल्याच रामनगरच्या खडकांत चित्रित झालेला हा सिनेमा बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी माणसाला तोंडपाठ. त्यामुळे जुना वाद पुन्हा निघाला: खरा ठाकूर कोणता? कापलेला भाग परत जोडला की पात्राचा ग्राफ, म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा त्याचा प्रवास, पूर्ण होतो, की बिघडतो?

आमच्या भागात हा प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण इथे अख्खा सिनेमा बघायला मिळणं हीच एकेकाळी नवलाई होती.

पहिली कात्री सरकारची. १९१८ साली सिनेमॅटोग्राफ कायदा झाला आणि १९२० मध्ये मुंबईत सेन्सॉर मंडळ बसलं. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात. वरून जिल्हा दंडाधिकाऱ्यालाही खेळ थांबवता येत असे. कोल्हापूर जवळ, त्यामुळे बाबूराव पेंटरांपासून प्रभात फिल्म कंपनीपर्यंतचा सिनेमा म्हणजे शेजारच्या घरचाच. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली आणि दोनच वर्षांत तिने संत एकनाथांवरचा चित्रपट आणला, बालगंधर्वांना घेऊन. त्याचं नाव होतं ‘महात्मा’. ते नाव ऐकून प्रेक्षकांना गांधीजी आठवतील, ही सेन्सॉरची धास्ती. नाव बदललं, काटछाट झाली आणि ‘धर्मात्मा’ पडद्यावर आला.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. पण १९५२ चा केंद्राचा कायदा तोवर लागू झाला होता, सर्टिफिकेट देशभर एकच. राज्य बदललं, कात्री तीच राहिली. त्या सर्टिफिकेटवर एक बारीकसा त्रिकोण काढलेला असतो, तो दिसला की समजायचं: यातून काहीतरी गेलंय. काय गेलं ते मागच्या भागात लिहिलेलं असतं, पण तो काही पडद्यावर वाचायला मिळत नाही.

दुसरी कात्री मात्र कुठल्याच कायद्यात नव्हती आणि आमच्या लोकांच्या सिनेमावर तिचाच हात जास्त फिरला. मोठ्या शहरांत घासून झालेली प्रिंट तालुक्याला, तिथून टुरिंग टॉकीजच्या तंबूत. चिंचलीच्या मायाक्कासारख्या यात्रांचा हा मुलूख, तंबूला गिऱ्हाईक कमी नव्हतं. प्रिंट तुटली की ऑपरेटर खराब फ्रेमा कापून फिल्म सिमेंटने, म्हणजे फिल्म चिकटवायच्या द्रावणाने, सांधा मारायचा. सेकंदाला चोवीस फ्रेमा, म्हणजे एका तुटण्याला फार काही जात नसे. पण तीच प्रिंट पन्नास ठिकाणी चालून आली की हिशेब वाढतो. झीज सगळ्यात जास्त रिळाच्या सुरुवातीला आणि शेवटाला, म्हणजे तिथे आलेल्या प्रसंगाचं नशीबच खोटं. शिवाय रात्रीचा जादा खेळ बसवायचा असेल तर मालक एखादं गाणं, एखादा रडका प्रसंग सरळ बाजूला काढायचा. मग “ए, मधलं खाल्लंस की रे!” म्हणून तंबूतून ओरडा. विलन का चिडलाय ते माहीत नाही, बहीण कधी वारली ते माहीत नाही, तरी लोक शेवटपर्यंत बसत. मधला दुवा ज्याने त्याने आपल्या डोक्यात जोडून घेतलेला असे. एकाच सिनेमातलं एकच पात्र निपाणीत वेगळं आणि रायबागेत वेगळं असू शकत होतं, ते असं.

तिसरी कात्री निर्मात्याची. तिचं गाजलेलं उदाहरण हॉलिवूडचं, १९४२ चं. ऑर्सन वेल्स ब्राझीलमध्ये असताना ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’ हा त्याचा सव्वादोन तासांच्या आसपासचा चित्रपट स्टुडिओने ८८ मिनिटांवर आणला, गोड शेवट चिकटवला आणि कापलेली निगेटिव्हही नष्ट केली. तिथे पात्रांचं जे व्हायचं ते झालं, दाद मागायला पुरावाच उरला नाही.

कापलेला भाग विकता येतो, हे कळलं लेसर डिस्क (घरी सिनेमा बघायची मोठी तबकडी) आणि नंतर डीव्हीडीच्या काळात. १९९७ नंतर डीव्हीडी पसरली आणि ‘डिलीटेड सीन्स’ हे वेगळं खातंच उघडलं. इथून पुढे वादाला खरं बळ आलं, कारण दोन्ही रूपं शेजारी ठेवून बघता येऊ लागली. जेम्स कॅमेरॉनच्या ‘एलियन्स’चं (१९८६) बघा. नायिका रिप्ले ५७ वर्षं अंतराळात झोपून परतते. दरम्यान तिची मुलगी म्हातारी होऊन वारलेली असते, हे सांगणारा प्रसंग थिएटरात नव्हता; नंतरच्या लांब आवृत्तीत आला. त्याशिवायही रिप्ले वाटेत भेटलेल्या एका अनाथ पोरीसाठी जिवावर उदार होते हे पटतंच. पण तो प्रसंग पाहिल्यावर तिचं धाडस धाडस राहत नाही, ती हुकलेलं आईपण वसूल करताना दिसते. इथे कापणं हे नुकसानच होतं असं माझं मत आहे.

उलटं उदाहरण पुन्हा ‘शोले’तच सापडतं. इमामसाहेबांचा अहमद, म्हणजे आपला सचिन पिळगावकर, गब्बरच्या हाती लागतो. त्याला मारण्याचा प्रसंग चित्रित झाला होता. चित्रपटात राहिला तो फक्त गब्बरच्या हातावर चालणारा मुंगळा. गब्बर तो चिरडतो आणि पुढे घोड्यावरून अहमदचं प्रेतच गावात येतं. कापलेला छळ दाखवला असता तर गब्बर क्रूर दिसला असता, तो तर आधीच होता. न दाखवल्यामुळे त्याला माणूस आणि मुंगळा सारखेच, हे कळलं. ही वजाबाकी गब्बरच्या फायद्याची.

ठाकूरची गोष्ट तशी नाही. गब्बर मला जिवंत हवा, हे तो जयकडून कबूल करून घेतो. त्या वचनावरच शेवटची मारामारी उभी आहे. वीरूला बाजूला करून ठाकूर स्वतः पुढे होतो. सापाला हाताने नाही, पायाने ठेचायचं असतं, असं तो बोलूनही दाखवतो. एवढी तयारी करून पोलिसांची जीप आली की वचनच फुकट जातं. मूळ शेवटात गब्बर मेल्यावर ठाकूर कोसळून रडतो. सूड संपला आणि हाती काही आलं नाही, हे त्या रडण्यात आहे, आणि नेमकं तेच पन्नास वर्षं बहुतेकांनी पाहिलं नव्हतं.

दुसरी बाजूही आहे आणि ती मांडणारे आमच्याकडे कमी नाहीत. ठाकूर मुळात पोलीस अधिकारी. कायद्यापासून सुडाकडे आणि सुडाकडून परत कायद्याकडे, हाही ग्राफच की, असं ते म्हणतात. मला तो पटत नाही, कारण परतीचं ते पाऊल ठाकूरने स्वतः उचललेलंच नाही. ते सेन्सॉरने उचलायला लावलं, आणि पडद्यावर ते तसंच दिसतं.