विद्यार्थिचालित आंतरराष्ट्रीय विनिमय आणि आंतरसांस्कृतिक मैत्री

विद्यापीठाच्या आवारात वेगवेगळ्या देशांतून आलेल्या विद्यार्थ्यांना स्थानिक विद्यार्थ्यांशी व एकमेकांशी जोडण्यासाठी विद्यार्थ्यांनीच उभी केलेली आणि चालवलेली व्यवस्था. नवागतांचे स्वागत, बडी जोड्या (प्रत्येक नवागताला एक स्थानिक सोबती), भाषेची देवाणघेवाण, सहली, चर्चापरिषदा, तसेच परदेशातील रुग्णालये, प्रयोगशाळा व कंपन्या यांत प्रशिक्षणासाठी होणारी अदलाबदल असे तिचे स्वरूप असते. प्रवेश, व्हिसासाठी लागणारी पत्रे आणि श्रेयांकांची मान्यता ही कामे विद्यापीठाचे आंतरराष्ट्रीय कार्यालय करते. पण परक्या शहरातल्या पहिल्या रविवारी जेवायला कोणाबरोबर बसायचे, हे कोणतेही कार्यालय ठरवून देऊ शकत नाही. ती उणीव विद्यार्थी संघटना भरून काढतात. उच्च शिक्षणाच्या इतिहासात या कामाला आजवर मिळाली त्याहून मोठी जागा मिळायला हवी.

युनेस्कोच्या आकडेवारीनुसार २०२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आपल्या देशाबाहेर उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या ६० लाखांच्या वर गेली होती. इतकी माणसे एकत्र आली की ओळखी आपोआप होतील, असे धरून चालण्याची विद्यापीठांना सवय आहे. प्रत्यक्षात एकाच वर्गात वर्षानुवर्षे बसूनही परदेशी आणि स्थानिक विद्यार्थी एकमेकांना नावापलीकडे ओळखत नाहीत, असे अनेक देशांत आढळते. सहवासाला एकत्र कामाची जोड मिळाली, तरच मैत्रीला धरायला काही सापडते.

प्रारंभीच्या संघटना

इटलीत तुरिन येथे १८९८ मध्ये एफिझिओ जिल्यो-तोस यांच्या पुढाकाराने ‘कोर्दा फ्रात्रेस’ ही विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात १९०३ मध्ये ‘इंटरनॅशनल क्लब’ आणि कॉर्नेल विद्यापीठात १९०४ मध्ये ‘कॉस्मोपॉलिटन क्लब’ निघाला. पाठोपाठ इतर विद्यापीठांतही असे क्लब उभे राहिले आणि १९०७ मध्ये त्यांचा संघ झाला. ‘सर्व राष्ट्रांच्या वर मानवता’ हे गोल्डविन स्मिथ यांचे वचन कॉर्नेलच्या क्लबने ब्रीद म्हणून घेतले. पुढे आधुनिक चीनचे थोर विचारवंत म्हणून ओळखले गेलेले हू शिह विद्यार्थिदशेत याच क्लबचे अध्यक्ष होते. १९०६ मध्ये शेतीशास्त्र शिकण्यासाठी इलिनॉय विद्यापीठात गेलेल्या रथींद्रनाथ टागोरांचा (रवींद्रनाथांचे पुत्र) तिथल्या कॉस्मोपॉलिटन क्लबच्या उभारणीत वाटा होता. परदेशी विद्यार्थी या क्लबांत पाहुणे नव्हते. ते संस्थापक आणि पदाधिकारी होते. नंतरच्या काळातील पुष्कळ ‘स्वागत उपक्रमां’त नेमकी हीच गोष्ट हरवली. परदेशातून आलेला विद्यार्थी मदत घेणारा आणि स्थानिक विद्यार्थी मदत करणारा, अशी वाटणी एकदा पक्की झाली की बरोबरीचे नाते जुळणे अवघड होते.

१९१३ मध्ये कोर्दा फ्रात्रेसचे आंतरराष्ट्रीय अधिवेशन कॉर्नेलच्या गावी, इथाका येथे भरले. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ही चळवळ विस्कटली.

याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये वेगळ्या वाटेने एक काम सुरू झाले. वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेचे कार्यकर्ते हॅरी एडमंड्स यांनी १९०९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर एका चिनी विद्यार्थ्याला सहज ‘सुप्रभात’ म्हटले. शहरात येऊन तीन आठवडे झाले तरी आपल्याशी आपणहून बोललेले तुम्ही पहिलेच, असे त्या विद्यार्थ्याने सांगितले. एडमंड्स दांपत्याने मग परदेशी विद्यार्थ्यांना रविवारी घरी जेवायला बोलावणे सुरू केले. त्या पंगतींतून क्लब उभा राहिला आणि जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांच्या देणगीतून १९२४ मध्ये ‘इंटरनॅशनल हाऊस’ हे निवासस्थान उघडले. १९३० मध्ये बर्कली आणि १९३२ मध्ये शिकागो येथेही अशी घरे झाली. बर्कलीच्या घरासाठी जागा मुद्दाम पीडमाँट अव्हेन्यूवर निवडली, कारण परदेशी आणि गौरेतर विद्यार्थ्यांना दार बंद ठेवणाऱ्या विद्यार्थी-मंडळांची घरे त्याच रस्त्यावर होती. वेगवेगळ्या वंशांच्या तरुण-तरुणींनी एका छताखाली राहण्याला तिथे उघड विरोध झाला, तरी घर उभे राहिले. ही घरे विद्यार्थ्यांनी बांधली नव्हती. पण आतले जेवणघर, सामाईक दालन आणि मंडळे विद्यार्थ्यांच्या हाती होती, आणि घराला घरपण तिथूनच आले.

जपान–अमेरिका विद्यार्थी परिषद

विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या कर्तृत्वाचे सर्वांत बोलके उदाहरण या परिषदेचे आहे. १९३१ च्या मांचुरिया प्रकरणानंतर (जपानने चीनच्या या प्रदेशावर केलेल्या आक्रमणानंतर) दोन्ही देशांचे संबंध बिघडत चालले होते. सरकारांकडून काही घडेल याची वाट न पाहता जपानी विद्यार्थ्यांनी पुढाकार घेतला, अमेरिकेत जाऊन तिथल्या विद्यापीठांतून प्रतिनिधी मिळवले आणि १९३४ मध्ये टोकियोत आओयामा गाकुइन येथे पहिली परिषद भरवली. दुसऱ्या वर्षी ती अमेरिकेत पोर्टलंडच्या रीड कॉलेजमध्ये झाली. एक वर्ष या देशात, एक वर्ष त्या देशात, असा क्रम १९४० पर्यंत चालला. युद्धात तो तुटला आणि १९४७ मध्ये पुन्हा सुरू झाला. पुढे जपानचे पंतप्रधान झालेले कीइची मियाझावा १९३९ च्या परिषदेला होते. त्यांची भावी पत्नीही त्यांना तिथेच भेटली. पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेले हेन्री किसिंजर १९५१ च्या परिषदेत सहभागी झाले होते.

परिषदेची रचना साधी आणि टिकाऊ आहे. दोन्ही देशांचे प्रतिनिधी काही आठवडे एकत्र राहतात, प्रवास करतात, विषयवार गटांत वाद घालतात. आणि निघण्यापूर्वी आपल्यातूनच पुढच्या वर्षीची कार्यकारिणी निवडतात. म्हणजे भेट संपते तेव्हा वर्षभराचे सामाईक काम सुरू होते. परिषदेने युद्ध थांबवले नाही. पण युद्ध संपल्यावर दोन वर्षांत ती पुन्हा भरू शकली, याचे मोल कमी लेखता येत नाही.

१९४५ नंतरचा विस्तार

दुसऱ्या महायुद्धानंतर व्यावसायिक प्रशिक्षणाच्या अदलाबदलीने जोर धरला. बेल्जियम, डेन्मार्क, फिनलंड, फ्रान्स, नेदरलँड्स, नॉर्वे आणि स्वीडन या सात देशांतील अर्थशास्त्र व वाणिज्य शाखांच्या विद्यार्थ्यांनी १९४८ च्या सुमारास ‘आयसेक’ या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी संघटनेची उभारणी केली. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ (आयएफएमएसए) १९५१ मध्ये कोपनहेगन येथे स्थापन झाला. त्याच्या विनिमयाचा हिशेब परतफेडीचा आहे: एका देशाची संघटना जितके विद्यार्थी पाठवते तितकेच ती आपल्याकडे घेते. आलेल्या विद्यार्थ्याचे राहणे, जेवण, रुग्णालयातील विभागाची निवड आणि संध्याकाळचे कार्यक्रम हे सर्व त्या शहरातील विद्यार्थ्यांची समिती पाहते. यामुळे आज यजमान असलेला विद्यार्थी उद्या कोणाचा तरी पाहुणा असतो, आणि देणाऱ्या-घेणाऱ्यातली उतरंड मुळातच राहत नाही.

दुसऱ्या युरोपीय देशातील विद्यापीठात काही काळ शिकण्याची सोय देणारी ‘इरॅस्मस’ योजना १९८७ मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थ्यांनी तिचा लाभ घेतला. योजना सरकारी असली तरी तिच्यामागे विद्यार्थ्यांची धडपड होती. इटलीच्या सोफिया कोराडी यांनी कोलंबिया विद्यापीठात घेतलेले शिक्षण मायदेशी परतल्यावर, १९५८ मध्ये, त्यांच्या विद्यापीठाने मान्य केले नाही. त्या अपमानातून त्यांनी परदेशी अभ्यासाच्या मान्यतेसाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला. १९८५ मध्ये पॅरिसमध्ये ‘एजे’ ही संघटना काढणारे फ्रांक बियांकेरी यांनी योजनेसाठी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मितराँ यांचा पाठिंबा मिळवला. योजना चालू झाल्यावर मात्र एक पोकळी उघडी पडली: शिष्यवृत्ती होती, श्रेयांक होते, पण पोहोचलेल्या विद्यार्थ्याकडे पाहणारे कोणी नव्हते. स्वतः इरॅस्मसवर जाऊन आलेल्यांनी ती भरली. १९८९ मध्ये उट्रेक्ट येथे ‘इरॅस्मस स्टुडंट नेटवर्क’ची पहिली शाखा निघाली, पुढच्या वर्षी संघटनेला रूप आले, आणि ‘विद्यार्थ्यांना विद्यार्थ्यांची मदत’ हे तिचे सूत्र झाले. आज युरोपभर तिच्या शेकडो शाखा आहेत.

मैत्री कशी जुळते

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलेला संपर्कसिद्धांत या कामाचा वैचारिक पाया मानला जातो. दोन गटांतील पूर्वग्रह कमी व्हायचे, तर संपर्काला चार अटी लागतात: समान दर्जा, सामाईक उद्दिष्ट, ते गाठण्यासाठी सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा. थॉमस पेटिग्रू यांनी १९९८ मध्ये पाचवी अट जोडली: मैत्री होण्याइतका वेळ आणि वाव. पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. संपर्काने पूर्वग्रह सहसा घटतात, आणि चार अटी पूर्ण झाल्यास अधिक घटतात, असे त्यात दिसले.

स्टीफन बॉक्नर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांची मैत्री तीन वर्तुळांत विभागली. स्वदेशबांधवांजवळ मन मोकळे होते, स्थानिक लोकांकडून अभ्यास व कामकाजात मदत मिळते आणि इतर देशांच्या विद्यार्थ्यांबरोबर फुरसतीचा वेळ जातो. तिन्हींची गरज असते. ‘आपल्याच लोकांत राहतात’ म्हणून परदेशी विद्यार्थ्यांना नावे ठेवणारे पहिल्या वर्तुळाचे काम विसरतात. घराची आठवण सावरायला आपल्या भाषेत बोलणारे कोणी मिळाले, तर बाहेर पडण्याचे बळ येते.

आवारातील काम

विद्यार्थी संघटनांच्या बहुतेक शाखांचे काम बडी योजनेपासून सुरू होते. विद्यार्थी निघण्याआधीच त्याची एका स्थानिक विद्यार्थ्याशी जोडी लावली जाते. खोली ताब्यात घेणे, निवासाची नोंदणी, बँक खाते, सिमकार्ड, विषयनिवड ही पहिल्या दोन आठवड्यांतली कामे सोबत केली जातात. स्टेशनवर आपले नाव ओळखणारा एक चेहरा असणे, ही मदत कागदावर छोटी दिसते; एकट्याने परदेशात उतरलेला कोणीही तिची खरी किंमत सांगू शकेल. मात्र कामे संपली की अनेक जोड्याही विरून जातात. जोडी लावताना विषय आणि छंद जुळवले, आणि दोघांना पुढे करायला काहीतरी दिले, तर नाते सत्रभर चालते.

भाषेच्या टँडेम जोडीत दोघे एकमेकांची भाषा शिकतात. अर्धा वेळ एका भाषेला, अर्धा दुसरीला. चूक वाक्य पूर्ण झाल्यावर सुधारायची. घड्याळ पाळले नाही, तर दोघांना सोपी वाटणारी भाषा, बहुधा इंग्रजी, सगळा वेळ खाऊन टाकते. या पद्धतीत प्रत्येक जण आळीपाळीने गुरू आणि शिष्य होतो. ऑलपोर्ट यांची समान दर्जाची अट इतक्या कमी खर्चात दुसरा कोणताही उपक्रम पुरी करत नाही.

खाद्यपदार्थ, पोशाख आणि झेंडे मांडणारा ‘आंतरराष्ट्रीय दिवस’ जवळपास सर्वत्र असतो. त्याने उत्साह येतो, गर्दीही होते. पण प्रत्येकाला आपापल्या देशाच्या टेबलामागे उभे केले की संध्याकाळभर विद्यार्थी आपल्याच देशवासीयांबरोबर काम करतो आणि समोरच्याला आपल्या देशाची ठरावीक ओळख पुरवतो. त्याच दिवसाची तयारी मिश्र गटांकडे सोपवली, तर तयारीच्या तीन आठवड्यांत होणाऱ्या ओळखी मुख्य कार्यक्रमापेक्षा खोल जातात. नाटक, वाद्यवृंद, फुटबॉलचा संघ, भाषांतरगट यांचेही असेच आहे. इरॅस्मस स्टुडंट नेटवर्कच्या एका उपक्रमात परदेशी विद्यार्थी स्थानिक शाळांत जाऊन मुलांना भेटतात; तिथे ते काही घेणारे नसून देणारे असतात, म्हणून त्याचे मोल वेगळे.

अडचणी

सर्वांत मोठी अडचण स्थानिक विद्यार्थ्यांच्या बाजूची असते. त्यांचे मित्र आधीच ठरलेले असतात, घर जवळ असते, नव्या ओळखीची निकड नसते. त्यामुळे अल्पमुदतीसाठी आलेले विद्यार्थी आपापसांत घट्ट होतात आणि शहराला फारसे न भेटता परततात. गटात बहुसंख्य एका भाषेचे असले की संभाषण नकळत त्या भाषेकडे झुकते. विनोद तर सर्वांत आधी हातचे जातात. मद्याभोवती फिरणारे कार्यक्रम धर्माने, प्रकृतीने वा इच्छेने दूर राहणाऱ्यांना वगळतात. सहलीचा खर्च एकाला किरकोळ असतो, तर दुसऱ्याला महिन्याच्या जेवणाएवढा. पूर्ण पदवीसाठी स्वतःच्या पैशाने आलेला, व्हिसाच्या मर्यादेत तास मोजून काम करणारा विद्यार्थी बहुतेक कार्यक्रमांच्या वेळी कामावर असतो, आणि संघटनांचे त्याच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. हा दोष केवळ नियोजनाचा आहे, म्हणून सुधारण्याजोगा आहे.

परस्परांशी युद्धात असलेल्या देशांचे विद्यार्थी एकाच क्लबात असले, तर झेंडे, नकाशे आणि भाषणे यांबाबतचे नियम आधी ठरवून ठेवावे लागतात. या विद्यार्थ्यांना ‘राजकारण नको’ म्हणून गप्प बसवणे अन्यायाचे ठरते. ज्याचे घर त्या युद्धात सापडले आहे, त्याला बोलण्यासाठी विश्वासाची जागा मिळणे हे क्लबच्या अस्तित्वाचेच कारण आहे.

पदाधिकारी दरवर्षी बदलतात. अनुभव त्यांच्याबरोबर निघून जातो आणि नवी समिती त्याच खाचखळग्यांतून पुन्हा चालते. म्हणून चांगल्या शाखा जुन्या व नव्या समितीने महिनाभर एकत्र काम करण्याचा नियम ठेवतात, आणि खर्चाचे हिशेब, संपर्क, फसलेल्या कार्यक्रमांची टिपणे लिहून ठेवतात. स्वयंसेवकांचा भरवशाचा स्रोत म्हणजे स्वतः परदेशात सत्र घालवून परतलेले विद्यार्थी. त्यांना अनोळखी शहरातला पहिला आठवडा ठाऊक असतो, आणि परतल्यावर स्वतःच्याच विद्यापीठात काहीसे परके वाटण्याचा काळही ते त्याच वेळी अनुभवत असतात. त्यामुळे अनेक शाखा पुढच्या सत्रासाठी बडी शोधताना पहिले पत्र त्यांनाच पाठवतात.