रंधा बाभळीचा, हिशेब पाण्याचा

हौसेने सुतारकाम करणाऱ्यांना परदेशी लाकडाची फार ओढ असते. आफ्रिकेतले वेंगे, दक्षिण अमेरिकेतले जांभळे पर्पलहार्ट, पाण्यात सरळ बुडणारे लिग्नम व्हिटे. ही लाकडे गुणी आहेत यात वाद नाही. लिग्नम व्हिटेची बेअरिंग जहाजाच्या पंख्याच्या दांड्याला बसवत, कारण त्या लाकडातली राळच वंगणाचे काम करते. पण हातरंधा बनवण्यासाठी साताऱ्या-सांगलीच्या माणसाला इतके लांब जायची गरज नाही. बैलगाडीची चाके, कुळव, कुदळीचे दांडे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या बांधावरच्या बाभळीतूनच घडले. शिवाय शिसवाची अख्खी डालबर्जिया प्रजाती २०१७ पासून साइट्स या, दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, आणि आपल्याकडचे साग, खैर, अंजन तोडायला १९६४ च्या राज्य कायद्यानुसार परवानगी लागते.

मुख्य मुद्दा वेगळाच आहे. घरी बनवलेला रंधा बिघडतो तो लाकूड कमी कठीण होते म्हणून क्वचितच. ते अर्धवट वाळलेले असते किंवा चुकीच्या दिशेने कापलेले असते, म्हणून बिघडतो.

लाकडात पाणी दोन जागी असते. एक पेशींच्या पोकळीत, दुसरे पेशींच्या भिंतीत. पोकळीतले पाणी निघून जाते तेव्हा लाकूड फक्त हलके होते, मापात फरक पडत नाही. कोरड्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के पाणी उरले की भिंती वाळू लागतात आणि तिथून आकसणे सुरू होते. पुढे लाकूड भोवतालच्या हवेशी जुळवून घेत राहते. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात सुमारे ६ टक्के पाणी टिकते, ६५ टक्क्यांना १२ आणि ८० टक्क्यांना १६. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. महाबळेश्वरजवळच्या पाचगणीत पावसाळ्यात बनवलेली वस्तू माणमधल्या दहिवडीला एप्रिलमध्ये नेली तर ती आकसणारच.

किती आकसणार, याचा हिशेब करता येतो. पूर्ण ओला साग पूर्ण वाळेपर्यंत वाढवलयांच्या बाजूने सुमारे ५.३ टक्के आकसतो आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने २.६ टक्के. लांबीत मात्र नगण्य. आता जुन्या वाड्याच्या तुळयांमधून ६०० मिलिमीटर रुंदीचा टेबलाचा माथा जोडला आणि त्यातले पाणी १६ वरून ८ टक्क्यांवर आले, तर वलये आडवी असलेल्या फळ्यांचा माथा जवळजवळ ९ मिलिमीटर कमी होतो. वलये उभी असतील तर साडेचार. म्हणून माथ्याला उभ्या वलयांच्याच फळ्या निवडाव्यात. माथा पायांवर बसवताना मधला स्क्रू घट्ट ठेवावा आणि कडेच्या स्क्रूंची भोके रुंदीच्या दिशेने लांबट करावीत. सगळे स्क्रू घट्ट आवळले तर पहिल्याच उन्हाळ्यात माथ्याला चीर जाते.

रंध्याच्या ठोकळ्यात हाच फरक जास्त नडतो. ठोकळ्याच्या टोकाकडून पाहिल्यावर वलये तळाला समांतर किंवा काटकोनात असावीत. जुने कारागीर समांतरच पसंत करत आणि सालीची बाजू तळाला ठेवत. वलये कर्णासारखी तिरपी असतील तर दोन दिशांचे वेगळे आकसणे त्या चौकोनाला समभुज पतंगासारखे मुरडते. मग तळ कितीही घासला तरी पुढच्या ऋतूत तो बाजूंशी काटकोनात राहत नाही.

बाभळीचा फक्त लालसर तपकिरी गाभा घ्यावा. बाहेरच्या पांढऱ्या भागात स्टार्च असते आणि भुंगेरे नेमके त्यावरच येतात. ओंडका चिरून घेतल्याबरोबर दोन्ही टोकांना मेण किंवा ऑइल पेंटचा जाड थर द्यावा, कारण टोकाकडून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी पट वेगाने निघते आणि टोके तडकतात. फळ्यांमध्ये २० ते २५ मिलिमीटरच्या पट्ट्या घालून थप्पी सावलीत, वारा खेळेल अशा जागी रचावी. दर इंच जाडीला सुमारे एक वर्ष हा जुना अंदाज रास्त आहे, पण अंदाजावर थांबू नये. फळीच्या मधोमध, टोकापासून दूर, २५ मिलिमीटरचा काप काढावा. तो लगेच तोलावा. मग ओव्हनमध्ये १०३ अंशांवर वजन घटायचे थांबेपर्यंत ठेवावा. आधी ११८ ग्रॅम आणि नंतर १०४ भरला, तर १४ भागिले १०४ म्हणजे साडेतेरा टक्के पाणी. १० ते १२ आले की काम सुरू करावे.

४५ मिलिमीटर रुंद पात्यासाठी ठोकळा २६० लांब, ७० उंच आणि ७५ रुंद घ्यावा. दोन्ही बाजूंनी १०-१० मिलिमीटरचे गाल करवतीने कापून वेगळे करावेत. करवतीची जाडी जाऊन मधला भाग ४९ राहतो, तो रंधून ४७ करावा. हे जादा २ मिलिमीटर पात्याला बाजूंनी श्वास घ्यायची जागा आहे. पोलाद रुंदीत बदलत नाही, लाकूड बदलते. पावसाळ्यात पाते नेमके बसवले तर उन्हाळ्यात गाल त्याला आवळतात.

ठोकळा निवडताना धागे बाजूने पाहावेत. ते पुढच्या टोकाकडून मागे तळाकडे उतरत गेले पाहिजेत, म्हणजे ढकलताना तळाचे धागे उचकटत नाहीत. मधला भाग ४५ अंशांत कापला की मागचा तुकडा पात्याची गादी होतो. पुढच्या तुकड्याचा उतार ६० अंशांच्या आसपास ठेवावा, म्हणजे सालपटाला वर यायला वाट मिळते. चारही तुकडे जोडताना सरस ओला असतो आणि तुकडे घसरतात, म्हणून ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना, जो भाग नंतर कापून टाकायचा आहे तिथे, आधीच खुंट्या ठोकून जागा पक्क्या कराव्यात. फेविकॉलसारखा पांढरा सरस चालतो. सागासारख्या तेलकट लाकडात मात्र जोडायचा पृष्ठभाग त्याच दिवशी रंधलेला असावा, नाहीतर वर आलेले तेल सरस धरू देत नाही. क्लॅम्प २४ तास काढू नयेत.

पात्यासमोर दोन्ही गालांतून १२ मिलिमीटरचा कठीण दांडा आडवा बसवावा. दांडा आणि पाते यांच्यातल्या ८ मिलिमीटरमध्ये पाचर जाते. पाचरीचा चढ दर १० मिलिमीटरला १ एवढाच ठेवावा. जास्त चढ दिला तर घर्षण तिला धरू शकत नाही आणि ती हादऱ्याने मागे सरकते.

पात्यासाठी जुनी कानस किंवा ट्रकचा स्प्रिंगपाटा चालतो. लोहाराकडे लालबुंद करताना चुंबक चिकटायचे थांबले की पोलाद साधारण ७७० अंशांवर असते. त्याहून किंचित वर नेऊन तेलात बुडवावे. एवढ्यावर ते काचेइतके ठिसूळ असते. म्हणून घासून चकचकीत करून पुन्हा हळू तापवावे. वरचा ऑक्साइडचा थर फिका सोनेरी दिसला की २०० ते २२० अंश झाले, तिथेच थांबावे. निळा रंग आला तर धार टिकणार नाही आणि सगळे पहिल्यापासून करावे लागेल. धार ३० अंशांत घासावी.

तोंड, म्हणजे तळातली पाते बाहेर येण्याची फट, सुरुवातीला इतके अरुंद ठेवावे की पाते तळाबाहेर येणारच नाही, आणि मग बारीक कानशीने थोडे थोडे उघडावे. बारीक कामाला अर्धा मिलिमीटर पुरतो. जास्त उघडलेले तोंड पुन्हा लहान होत नाही, तळाला ठिगळ लावावे लागते. सालपट अडकत असेल तर तोंड वाढवण्याआधी पुढच्या उताराचा वरचा भाग आणि आडव्या दांड्याची कड घासून पाहावी. बहुतेक वेळा अडथळा तिथेच असतो.

शेवटी जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्यावेत. तेलाने आकसणे-फुगणे थांबत नाही, फक्त मंदावते. तेलाचे बोळे कधीही गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते, त्यात उष्णता निघते आणि ढिगातला बोळा आपोआप पेटतो. चिंध्या दोरीवर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात.

पहिल्या पावसाळ्यानंतर तळ पुन्हा सपाट करावा लागेल, ते गृहीतच धरावे. सपाट काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर तळ घासताना पाते आत ओढलेले पण पाचर नेहमीइतकीच ठोकलेली असावी, कारण पाचरीच्या दाबाने तळ किंचित वाकतो. पाचर काढून सपाट केलेला तळ रंधा कामाला लावल्यावर सपाट राहत नाही.