लैंगिक संसर्गाची तपासणी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या लॅबमध्ये या तपासणीचे नाव लोक आजही काउंटरवर वाकून, आवाज उतरवून घेतात. निपाणी-चिकोडीकडचे काहीजण तर ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून थेट कोल्हापूर गाठतात.

एकेकाळी एचआयव्हीच्या अधिक प्रादुर्भावाच्या जिल्ह्यांत बेळगावचे नाव असे. आज देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत असले, तरी २०१० च्या तुलनेत नव्या संसर्गांत ४० टक्क्यांहून अधिक घट झाली आहे. सिफिलिस, गोनोरिया आणि क्लॅमिडिया या इतर लैंगिक संसर्गांची मोजदाद मात्र इतकी नेमकी होत नाही, कारण सरकारी दवाखान्यांत बहुधा लक्षणे पाहूनच औषधांचे पाकीट दिले जाते आणि ज्याला त्रासच नाही तो मोजला जात नाही. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक स्त्रियांना काहीच जाणवत नाही.

अहवालावर ‘व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह १:८’ असे छापलेले दिसताच घरात धसका घेतला जातो. ‘रिॲक्टिव्ह’ म्हणजे पॉझिटिव्ह आणि १:८ म्हणजे रक्ताचा नमुना आठ पट पातळ केला तरी ती तशी येते. ही सिफिलिसची प्राथमिक चाचणी असून मलेरिया, क्षय किंवा गरोदरपणातही ती कधीकधी फसवी येते, म्हणून टीपीएचए चाचणीने खात्री करावी लागते. मात्र टीपीएचए उपचारानंतरही बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्हच राहते. औषध लागू पडले की नाही, हे व्हीडीआरएलचा आकडा १:३२ वरून १:८ किंवा त्याखाली उतरला का, यावरून डॉक्टर ठरवतात.

एचआयव्हीची चाचणी धोक्याच्या संबंधानंतर घाईने, चौथ्या-पाचव्या दिवशी करून घेतल्यास निगेटिव्ह अहवालाला अर्थ नसतो. विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडे दोन्ही पाहणाऱ्या चौथ्या पिढीच्या चाचणीसाठी सुमारे ४५ दिवस आणि केवळ प्रतिपिंडे पाहणाऱ्या चाचणीसाठी तीन महिने थांबावे लागते. धोका नुकताच घडला असेल तर मात्र थांबू नये, कारण प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते.

२०१७ च्या कायद्यानुसार आपल्या संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही आणि अहवालही इतरांना देता येत नाही. लग्न ठरवताना समोरच्या घरचे कोणी आमच्याकडे चौकशीला आले, तरी त्यांना रिकाम्या हातीच परतावे लागते. ही तपासणी आणि समुपदेशन सरकारी केंद्रांत मोफत मिळते, १०९७ या क्रमांकावर माहितीही मिळते. पैशांची अडचण असल्यास आधी तिकडेच जावे, असे आम्ही धंद्याची पर्वा न करता सांगतो. आमचा अहवाल इंग्रजीत छापला जातो, परंतु त्याचा अर्थ आतल्या खोलीत मराठीत किंवा कन्नडमध्ये समजावून दिला जाईल.