द स्टारी नाइट : व्हॅन गॉगच्या तारांकित रात्रीची गोष्ट

द स्टारी नाइट, मराठीत म्हणायचं तर तारांकित रात्र, हे व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकाराने जून १८८९ मध्ये फ्रान्सच्या दक्षिणेला सां-रेमी गावात काढलेलं तैलचित्र. कॅनव्हास साधारण ७४ बाय ९२ सेंटीमीटरचा, म्हणजे नाव ऐकून वाटतं तेवढा मोठा अजिबात नाही, घरातल्या मध्यम टीव्हीएवढा. निळं घुसळल्यासारखं आकाश, वर उजवीकडे पिवळीधमक चंद्रकोर, डावीकडे ज्वाळेसारखं वर चढलेलं काळपट सायप्रसचं झाड आणि खाली डोंगराच्या पायथ्याशी झोपलेलं गाव. उत्तर-दृक्‌प्रत्ययवाद (पोस्ट-इम्प्रेशनिझम) हे चित्रशैलीचं लेबल त्याला नंतर लागलं, रॉजर फ्राय या इंग्रज समीक्षकाने १९१० मध्ये लंडनच्या प्रदर्शनासाठी ते नाव काढलं तेव्हा व्हिन्सेंटला जाऊन वीस वर्षं झाली होती.

या चित्राबद्दल सगळीकडे सांगितलं जातं ते असं, की वेडाच्या झटक्यात, रात्री खिडकीत बसून त्याने समोर दिसलं ते रंगवून टाकलं. यातलं खरं फारच थोडं आहे आणि म्हणूनच खरी गोष्ट नीट सांगायला हवी.

डिसेंबर १८८८ मध्ये आर्ल गावात पॉल गोगँ या चित्रकार मित्राशी भांडण झाल्यावर व्हिन्सेंटने स्वतःचा कान कापला, मग दवाखाना, मग परत झटके, त्यात शेजाऱ्यांनी याला इथे ठेवू नका म्हणून अर्जच दिला. शेवटी ८ मे १८८९ ला तो स्वतःहून सां-रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला. ही इमारत मुळात जुना मठ. खर्च धाकटा भाऊ थिओ करत होता, पॅरिसमध्ये चित्रांच्या व्यापारात नोकरी करणारा. झोपायची खोली वरच्या मजल्यावर पूर्वेकडे तोंड करून आणि रंगकामासाठी तळमजल्यावर वेगळी खोली. वरच्या खोलीच्या खिडकीला लोखंडी गज होते, त्यातून कुंपणाच्या भिंतीआतलं गव्हाचं शेत दिसायचं आणि पलीकडे आल्पीय (Alpilles) नावाच्या डोंगरांची रांग. या देखाव्याची त्याने वर्षभरात वीसेक चित्रं काढली, ऊन, पाऊस, कापणी असं सगळं, पण त्यात रात्रीचं हे एकच.

जूनच्या सुरुवातीला त्याने थिओला कळवलं, की आज सूर्य उगवायच्या बऱ्याच आधी खिडकीतून बाहेर पाहिलं, फक्त पहाटेचा तारा होता आणि तो खूप मोठा दिसत होता. हा तारा म्हणजे आपली शुक्राची चांदणी. त्या दिवसांत शुक्र खरंच पहाटे पूर्वेला दिसत होता, आणि चित्रात सायप्रसच्या लगेच उजवीकडे जो सगळ्यात पांढरा तेजस्वी गोळा आहे तो तोच, असं अभ्यासक मानतात. चंद्राचं मात्र गणित जुळत नाही. १८ जूनच्या पत्रात तो तारांकित आकाशाचं नवं चित्र झाल्याचं लिहितो, आणि तेव्हा पौर्णिमा होऊन थोडेच दिवस झाले होते, म्हणजे आकाशात वद्य पक्षातला अर्ध्याहून मोठा चंद्र होता, कोर नव्हतीच. गावही त्या खिडकीतून दिसायचं नाही, ते त्याने बाहेरच्या टेकडीवरून केलेल्या स्केचवरून घेतलं. चर्चचा उंच टोकदार मनोरा तर प्रोव्हान्सपेक्षा, म्हणजे या दक्षिण फ्रान्सपेक्षा, त्याच्या हॉलंडकडचा वाटतो. सायप्रस इतकं जवळ आणलं की ते थेट आकाशाला भिडलं. खोलीत रंगवायला परवानगी नसल्याने हे सगळं खाली तळमजल्यावर, दिवसाउजेडी, आठवणीतून झालं. झटके आले की त्याच्याकडून काम व्हायचंच नाही, सां-रेमीतला पहिला मोठा झटका जुलैत आला. हे चित्र त्याआधीचं, डोकं शांत असतानाचं, एकेक गोष्ट निवडून जागेवर बसवलेलं, आणि मला त्याची खरी ताकद इथेच दिसते.

रात्र रंगवायचं त्याच्या मनात बऱ्याच आधीपासून होतं. सप्टेंबर १८८८ मध्ये आर्लला असताना त्याने रात्रीच्या कॅफेचं अंगण रंगवलं, आणि त्याच महिन्यात ऱ्होन नदीवरची रात्र, जिच्यात पाण्यात गॅसच्या दिव्यांची प्रतिबिंबं आणि वर सप्तर्षी आहेत. त्याच्याही आधी, त्या उन्हाळ्यात त्याने थिओला लिहिलं होतं, की आगगाडीने जसं आपण तारास्कोंला किंवा रुआंला जातो तसं मरणावर बसून ताऱ्यापर्यंत जातो. हे वाचल्यावर त्या आकाशाकडे आधीसारखं बघता येत नाही.

रंगांमध्ये एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. आकाशात अल्ट्रामरीन आणि कोबाल्ट निळा, आणि चंद्र-ताऱ्यांच्या पिवळ्यात झिंक यलोबरोबर इंडियन यलो. हा पिवळा तेव्हा भारतातून युरोपात जायचा. बिहारमध्ये मुंगेरजवळच्या मिर्झापूर गावात गवळी गायींना आंब्याची पानं खायला घालतात आणि त्यांचं मूत्र आटवून रंगाच्या गोळ्या करतात, असं त्रैलोक्यनाथ मुखर्जी या सरकारी अधिकाऱ्याने १८८३ मध्ये लिहून ठेवलंय.

सगळ्यात चटका लावणारं म्हणजे हे चित्र खुद्द त्यालाच पटलं नव्हतं. सप्टेंबरमध्ये थिओला चित्रं पाठवताना बरी वाटणारी त्याने नावानिशी सांगितली, त्यात हे नाही, आणि टपालखर्च वाचवायला जी चित्रं मागे ठेवली त्यात हे होतं, ते नंतरच्या खेपेला गेलं. थिओने ऑक्टोबरमध्ये लिहिलं, की चांदण्यातल्या गावासारख्या चित्रांत तू काय शोधतोयस ते कळतं, पण शैलीच्या शोधात वस्तूंमधली खरी भावना हरवते. नोव्हेंबरमध्ये एमिल बेर्नार या चित्रकार मित्राला व्हिन्सेंटने कळवलं, की मी परत फार मोठ्या ताऱ्यांच्या मागे लागलो आणि परत फसलो.

जुलै १८९० मध्ये व्हिन्सेंट गेला आणि सहा महिन्यांत थिओही. चित्रं, पत्रं आणि तान्हं मूल हे सगळं थिओची बायको योहाना हिच्यावर आलं. व्हॅन गॉग आज जगाला माहीत आहे त्यात तिचा वाटा फार मोठा आहे, आणि ते पुरेसं बोललं जात नाही. हे चित्र तिने १९०० मध्ये विकलं, मग ते गोगँच्या एका मित्राकडे गेलं, त्याच्याकडून तिने परत विकत घेतलं आणि १९०६ मध्ये रॉटरडॅममधल्या गॅलरीमार्फत पुन्हा विकलं. पुढची तीसेक वर्षं ते हॉलंडमध्येच एका बाईंच्या संग्रहात होतं. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आपल्या एक संस्थापक लिली ब्लिस यांनी मृत्युपत्राने दिलेल्या संग्रहातली चित्रं मोबदल्यात देऊन ते घेतलं, आणि तेव्हापासून ते त्यांच्याकडे आहे.